पट्ट्याखालची गाठ

तीस वर्षं मी एसटीत वाहक होतो. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, परंडा, कधी करकंबवरून पंढरपूर. उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीकडे जाणारा चामड्याच्या पिशवीचा पट्टा माझ्या छातीला इतका सवयीचा होता, की निवृत्तीनंतरचे काही महिने तो नसल्याचंच ओझं वाटायचं. एकसष्टाव्या वर्षी त्याच पट्ट्याच्या वाटेवर, डाव्या बोंडाखाली, मला कर्करोगाची गाठ निघाली. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे उमगलं ते इथे लिहितोय. कुणाला शिकवायचा अधिकार मला नाही. मनात साठलेलं कुणाला तरी सांगावं, एवढंच.

१. ज्या गोष्टीला आपण मनात जागाच ठेवलेली नसते, ती हाताला लागली तरी ओळखू येत नाही. अंघोळ करताना साबणाखाली काहीतरी टणक लागलं, हरभऱ्याएवढं. मी स्वतःला सांगितलं, पट्ट्याने घट्टा पडला असेल. पिशवी उतरवून तीन वर्षं झाली होती, मग घट्टा आता का पडावा, हा साधा हिशोब मी केला नाही; आयुष्यभर पै-पैचा हिशोब केलेला माणूस मी. दुखत नव्हतं, आणि आमच्याकडे दुखत नाही ते दुखणंच नाही. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चरबीची गाठ म्हणून गोळ्या दिल्या आणि मला तेच ऐकायचं होतं. असे आठ महिने गेले. पुढे कळलं की पुरुषाच्या छातीत मुळात मांस थोडं, त्यामुळे गाठीला कातडीपर्यंत आणि खालच्या स्नायूपर्यंत पोचायला फार अंतर तोडावं लागत नाही. ज्या शरीरात वेळ कमी असतो, त्याच शरीराचा मालक सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

२. माझा आजार मी शोधला नाही, माझ्या बनियनने सांगितला. बायको धुणं धुताना म्हणाली, “अहो, हा गंजाचा डाग नाही. रक्त दिसतंय.” मी म्हटलं, डास मारला असेल. तिने बनियन पाण्यातून बाहेर काढून माझ्या अंगाला लावून बघितला. डाग बरोबर बोंडावर आला, आणि ते बोंड आत ओढलं गेलंय हेही तिलाच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती. मी येतो की नाही, हे तिने विचारलंच नाही.

३. लाज ही आपणच घरून बरोबर नेतो. मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या. आतून माझं आडनाव पुकारलं गेलं, त्याआधी ‘सौ.’ लावून. मी उठलो तर पुकारणारी मुलगी माझ्यामागे कुणी बाई आहे का ते बघू लागली. जमीन दुभंगावी असं वाटलं. मशीन बंद पडल्यामुळे मला पुन्हा बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा त्या बाकावरच्या एका म्हातारीने पदर सावरून जागा केली. “बसा की भाऊ. किती येळ उभं ऱ्हाणार?” कुणी हसलं नाही, कुणी टक लावून बघितलं नाही. पाच मिनिटांत त्या मला सांगत होत्या, पट्टी दाबताना श्वास कसा धरायचा. तीस वर्षं गाडीत मी ‘लेडीज सीट आहे, उठा’ असं पुरुषांना सांगत आलो. त्या दिवशी बायकांनी सरकून मला जागा दिली.

४. पुरुषाला छाती असते आणि बाईला स्तन, ही वाटणी भाषेने केलीय, शरीराने नाही. रिपोर्टवर ‘डावा स्तन’ असं वाचलं तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, काहीतरी चुकलंय. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईच्या पोटात पहिले काही आठवडे मुलगा-मुलगी असा भेद अवयवांत दिसतच नाही, आणि बोंडांची तयारी त्याच दिवसांत सुरू होते. म्हणून ती आम्हालाही असतात. वयात येईपर्यंत दोघांची छाती सारखीच. पुढे बाईच्या छातीत दुधाच्या पिशव्यांचे घोस तयार होतात, पुरुषाच्या छातीत नुसत्या बारीक नळ्या राहतात. त्यामुळे पुरुषांतला हा कर्करोग जवळजवळ नेहमी नळ्यांतला असतो, घोसांतला क्वचितच. स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पुरुष एखादाच. पण तो एखादा कुणीतरी असतोच.

ही वाटणी मी बराच काळ वापरूनही घेतली. टेंभुर्णीच्या स्टँडवर ‘छातीचं ऑपरेशन झालं’ म्हटलं की समोरचा आपणच म्हणायचा, “बायपास का?” आणि मी मान हलवायचो. चार महिने मी गावात हृदयरोगी होतो. एक जुने चालक मित्र मला गाठून तेल सोडायचं, भात कमी करायचा असं समजावायचे. मी ते निमूट ऐकायचो. मग एके दिवशी त्यांच्याशी खोटं बोलवेना, आणि चहाच्या टपरीमागे खरं सांगितलं. ते गप्प झाले. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्याबी हाय काहीतरी. वर्ष झालं.” आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. त्यांचं दोन्ही बाजूंना होतं, मऊ होतं, दाबलं की दुखत होतं; औषधाचा परिणाम निघाला, धोका काही नव्हता. परतताना ते गाडीत झोपले, मान माझ्या खांद्यावर टाकून. वर्षभरात नीट झोपले नसावेत.

५. रोगाचं नाव एक असलं तरी तो दोन शरीरांत एकसारखा वागत नाही. हे मला करमाळ्याकडच्या एका लेकीने शिकवलं. वय अडतीस. ती मला काका म्हणायची. केमोच्या दिवशी आमच्या खुर्च्या शेजारी यायच्या, आणि आम्ही एकमेकांचे रिपोर्ट मुलांचे मार्क बघावेत तसे बघायचो. माझ्या गाठीवर इस्ट्रोजेनला धरणारे हात होते, त्याला ते रिसेप्टर म्हणतात. तिच्या गाठीवर तीनपैकी एकही नव्हता, ट्रिपल निगेटिव्ह. मला वाटलं, इस्ट्रोजेन बायकांचं, मग त्यावर वाढणारी गाठ माझी कशी आणि तिची का नाही? डॉक्टर म्हणाले, पुरुषांत उलट हेच जास्त. अनेक देशांतल्या १,४८३ पुरुषांच्या आजाराचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात शंभरातल्या नव्याण्णवांच्या गाठी इस्ट्रोजेनला धरणाऱ्या होत्या. ट्रिपल निगेटिव्ह शंभरात एकही भरेना. आपल्याकडच्या बायकांत मात्र शंभरात पंचवीस-तीस तशा निघतात, आणि पश्चिमेकडच्या बायकांपेक्षा आपल्या बायकांना हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. पुरुषाच्या अंगात इस्ट्रोजेन येतं कुठून? थोडं अंडकोषातून, आणि बरंचसं चरबीतून. पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेन करत बसते. निवृत्तीनंतर माझं पोट सुटलं होतं, ते मी सुखाचं लक्षण समजत होतो.

तिच्या रिपोर्टात एक ओळ होती, गाठीत लिम्फोसाइट भरपूर आहेत अशी. ती घाबरली होती. अजून काय नवीन निघालं म्हणून. डॉक्टरांनी तिला सांगितलं, “बाळ, हे तुझेच सैनिक आहेत. शत्रूच्या वाड्यात शिरलेत.” ट्रिपल निगेटिव्हमध्ये असे सैनिक आत दिसणं हे चांगलं लक्षण. त्यांना जोर देणारी इम्युनोथेरपीची औषधंही स्तनांच्या कर्करोगात आधी या प्रकारासाठीच आली. माझ्यासारख्या, संप्रेरकावर वाढणाऱ्या गाठी बहुधा थंड असतात. सैनिक बाहेरून जातात, आत काय चाललंय त्याची त्यांना खबर नसते. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की दोघांतला दणकट मी. आणि तिथे, सुई टोचून घेत, अंगावरचे केस गेलेली ती पोरगी आतून लढत होती, आणि माझं शरीर माझ्यासारखंच घट्टा समजून बसलं होतं. त्या दिवसापासून तिच्या खुर्चीची उशी आधी मीच ठीक करून ठेवायचो.

६. बायकोचं दुखणं मी अठरा वर्षं ऐकलं, पण समजून घेतलं नाही. तिला आमवात आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत, तव्यावरची भाकरी उलटताना तोंडातून आवाज निघतो. मी म्हणायचो, गार पाण्यात हात घालू नकोस. माझी मुलगी बार्शीला महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. करमाळ्याकडच्या त्या पोरीचे सैनिक मनातून जात नव्हते, म्हणून एकदा मी तिला विचारलं, बाईचे सैनिक तेज का असतात? ती म्हणाली, “अण्णा, बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्र दोन, पुरुषाच्या एकच. रोगाशी लढायची बरीच जनुकं त्या एक्सवर बसलेली असतात.” दोनातलं एक झोपवलेलं असतं, हे मेरी लायन नावाच्या बाईने १९६१ साली मांडलं. पण ते पुरतं झोपत नाही. एका गाडीला दोन वाहक दिले, एकाला मागच्या सीटवर बसवून ठेवलं, तरी तो मधूनच उठून तिकिटं तपासतो, तसं काहीसं. त्याच्या जोडीला इस्ट्रोजेन पहाऱ्याला धार लावतं आणि पुरुषी संप्रेरक ती बोथट करतं. म्हणून लसीनंतर बायकांच्या रक्तात प्रतिकारद्रव्यं बहुधा जास्त निघतात. आणि म्हणूनच तो पहारा स्वतःच्याच घरावर उलटण्याचं प्रमाणही बायकांत जास्त. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका. आमवातात पुरुषाच्या दुप्पट-तिप्पट.

म्हणजे माझ्या घरात अठरा वर्षं एक शरीर डोळ्यांत तेल घालून जागं होतं आणि त्या जागरणाची किंमत सांध्यांनी मोजत होतं. मी त्याला कुरकुर म्हणत होतो. हे कळल्यावर मी तिची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, “माफी राहू द्या, कणीक मळा.” तेव्हापासून आमच्या घरात कणीक मी मळतो.

७. माझ्या प्रत्येक गोळीची परीक्षा कुणा बाईने दिलेली आहे. ऑपरेशन, केमो आणि आमच्याकडे सगळे ज्याला ‘लाइट’ म्हणतात ते रेडिएशन संपल्यावर मला टॅमॉक्सिफेन सुरू झालं, रोज एक. हे औषध १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईने बनवलं, तेही संततिनियमनाच्या शोधात. त्या कामाला ते निरुपयोगी ठरलं. मग मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल यांनी ते कर्करोगाच्या बायकांना देऊन पाहिलं, आणि १९७१ साली निष्कर्ष छापले. त्यानंतर हजारो बायकांनी या आणि अशा औषधांच्या चाचण्यांत स्वतःचं शरीर दिलं. पुरुषांना मात्र त्या चाचण्यांत बहुतेक वेळा घेतलंच जात नव्हतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी पुरुषांनाही सामावून घ्या असं अधिकृतपणे सांगितलं ते २०२० साली. तोवर आणि अजूनही आमचा बराचसा इलाज बायकांच्या अनुभवावरून बेतलेला. तो नेहमी बेतात बसत नाही. पाळी गेलेल्या बायकांना जी दुसऱ्या प्रकारची गोळी देतात, ती एकटी पुरुषांत तितकी चालत नाही, कारण अंडकोष आपलं काम चालू ठेवतात.

पुरुषांना वगळलं याचा मला राग येतो. पण त्याहून मोठी वाटते ती कृतज्ञता. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा रुग्णालयाने १,५१,५३८ बायकांना घेऊन एक अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, अशा चार फेऱ्या. वीस वर्षं मागोवा घेतल्यावर, २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले होते. ना मशीन, ना वीज, फक्त शिकलेली बोटं. माझ्या गाठीवरून आठ महिने रोज दोनदा माझीच बोटं फिरत होती.

८. औषधाने मला बाईच्या एका वयात नेऊन ठेवलं. रात्री दोनला अंगातून वाफ उठते, मानेवरून घाम धावतो, पाच मिनिटांत पुन्हा थंडी. पाळी जाताना बायकोला हे तीन वर्षं झालं होतं. तेव्हा ती उठून ओट्यावर जाऊन बसायची आणि मी कूस बदलायचो. आता मी उठून बसलो की ती न बोलता वर्तमानपत्राची घडी करून वारा घालते. आखडलेल्या बोटांनी. आणखी एक गोष्ट पुरुष कुणाला सांगत नाहीत, पण तिच्यामुळे बरेच जण ही गोळी मध्येच सोडतात: इच्छा मावळते. मीही महिनाभर सोडली होती. डॉक्टरांना सांगायची हिंमत झाली नाही, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही असलात की झालं.” गोळी पुन्हा सुरू केली.

९. मी आक्कावर चिडलो होतो. हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. माझी थोरली बहीण परंडा तालुक्यात दिलेली. तिने छातीतली गाठ वर्षभर पदराखाली झाकली, आणि कळलं तेव्हा मी तिच्या अंगणात उभा राहून ओरडलो होतो, “इतके दिवस का लपवलंस?” ती काही बोलली नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला. १९९४ साली ती गेली, त्रेचाळीस वर्षांची. घरात तिच्या आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. पाहुण्यांना ‘पोटाचं दुखणं’ असं सांगितलं. मीही तेच सांगितलं.

ज्या वर्षी ती गेली, त्याच वर्षी शास्त्रज्ञांना तेराव्या गुणसूत्रावर बीआरसीए-२ या जनुकाचा ठावठिकाणा लागला होता, आणि पुढच्या वर्षी ते जनुक हाती आलं. माझ्या रक्ताच्या तपासणीत त्याच जनुकात दोष निघाला. पुरुषांतल्या या आजारामागे वारशाने आलेला दोष असेल तर तो बहुतेकदा याच जनुकातला असतो. जनुक तेच, पण दोष असलेल्या शंभर पुरुषांत सात-आठ जणांना आयुष्यात स्तनांचा कर्करोग होतो, आणि बायकांत निम्म्याहून अधिक जणींना. पुरुषाला त्याशिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. हा दोष आई-बाप कुणाकडूनही येतो, मुलगा-मुलगी कुणाकडेही जातो, प्रत्येक वेळी अर्धी शक्यता. मुलीला आजवर सगळे डॉक्टर विचारायचे, आईला किंवा मावशीला होता का? आत्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. बापाबद्दल तर नाहीच.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवतात. देशातली अशी पहिली ग्रामीण नोंद. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. त्यांची माणसं गावोगाव जाऊन विचारायची, कुणाला गाठ आहे का, कुणाला रक्तस्राव होतोय का. आक्काचं गाव त्यातलंच. आम्ही पोटाचं दुखणं म्हणत होतो तेव्हा कदाचित तिथल्या एखाद्या वहीत तिच्या आजाराचं खरं नाव लिहिलं गेलं असेल. त्या रस्त्यावर मी किती वेळा गाडी नेली. कितीतरी बायका पदर घट्ट लपेटून माझ्याकडून बार्शीचं तिकीट घ्यायच्या, आणि मी सुटे पैसे मागायचो.

गेल्या महिन्यात मुलगी तपासणीला निघाली तेव्हा मुलगाही पिंपरीहून आला. तो आधी म्हणाला होता, मला काय त्याचं, हे ताईचं बघा. मग आदल्या रात्री फोन करून म्हणाला, “अण्णा, मी पण रक्त देतो.” आम्ही तिघं दवाखान्यात बाकावर बसलो होतो. फॉर्मवर रकाने होते: नातं, आजार, त्या वेळचं वय. मुलीने पहिल्या ओळीत ‘वडील’ लिहिलं, पुढचं भरलं. दुसऱ्या ओळीत ‘आत्या’ लिहून ती थांबली. पेन तसाच धरून तिने विचारलं, “काय लिहू, अण्णा?”

मुलगा माझ्याकडे बघत होता. शेजारच्या बाकावर दोन बायका होत्या, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात मी म्हणालो, “स्तनांचा कर्करोग लिही. वय त्रेचाळीस.”